मुदत

मामाने प्रेसमध्ये जन्म काढला, कागद मोजत.
गेटवर रोज झडती: डबा उघडा, चप्पल आपटून दाखवा.
तीस वर्षांत त्याच्या खिशातून एक टाचणी बाहेर आली नाही
अन् तोंडातून एक शब्द.
मामी विचारायची, आज काय छापलंत?
तो विचारायचा, कांदा काय भाव?

म्हणून आम्हाला टीव्हीवरच कळलं,
कोर्टाने ते रद्द केले त्या संध्याकाळी,
की ते निवडणुकीचे रोखे इथलेच.
आपल्या नाशिकरोडचे.
मामा शेंगा सोलत होता.
मूठभर टरफलं कागदावर ठेवून एवढंच म्हणाला,
कागद चांगला होता.

मग काही दिवसांनी, तुटक तुटक:
देणाऱ्याचं नाव नव्हतं त्यावर.
घेणाऱ्याचंही नव्हतं.
एक नंबर होता, निळ्या दिव्याखाली धरला तरच उमटणारा,
दिवा सरकला की बुडायचा.
रामकुंडात पोरं दोरीला लोहचुंबक बांधून
बुडालेली नाणी काढतात.
हा नंबर मात्र कितीतरी वर्षं
कुणाच्याच दोरीला लागला नाही.

माझं उलटं आहे.
माझं नाव सगळीकडे आहे.
गळ्यातल्या पासवर, खैरनार ठेकेदाराच्या वहीत,
संडासाला किती वेळ लागला त्या रजिस्टरात.
सातपूरला, आयटीआय सिग्नलच्या पुढे
मी पॅनेलच्या वायरी जोडते.
सोल्डरने बोटांची टोकं गुळगुळीत झालीत,
गेटवरचं यंत्र मला ओळखत नाही.
ओढणीला पुसून लावा, फुंकर मारून लावा,
तोवर आठ वाजून चार मिनिटं.
अर्धा दिवस कापला.
मतदानाला मात्र
शाई पहिल्या फटक्यात बसली.

दोनशे चाळीस दिवस भरले
की माणूस कायम मागू शकतो म्हणे.
म्हणून दोनशे तिसाव्या दिवशी खैरनार गोड होतो:
ताई, जरा गावाला जाऊन या.
कुठल्या गावाला?
मी जन्मले स्वारबाबानगरात.
पंधरा दिवस घरी बसायचं,
मग नवा पास, नवा नंबर, फोटो तोच.
सात वर्षांत मी नऊ वेळा नवीन लागले.

निवडणुकीआधी दोघेही येऊन गेले, वेगवेगळ्या दिवशी.
दोघांनीही कायम करू म्हटलं,
दोघांनीही मंदा अहिरेच्या घरी चहा घेतला,
कप अर्धा ठेवून उठले.
जो निवडून आला, त्याच्या सत्काराचा मांडव
आमच्या कंपनीच्या आवारात पडला.
खुर्च्या आम्ही लावल्या.
हाराच्या पाकळ्या आम्ही झाडल्या.
त्या रविवारचा पगार मंदाने मागितला,
सोमवारी तिचं कार्ड चाललं नाही.

मग मुंबईला काहीतरी मंजूर झालं.
काय, ते आम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही.
आमच्यापर्यंत ते पाळीच्या फळ्यावर आलं, खडूने.
आठचे बारा.
शबानाने त्या आठवड्यात
बाळाचं अंगावरचं दूध तोडलं.

पुढे यादी आली. कुणी किती घेतले, कुणाला किती गेले.
मामाने शेजारच्या पोराकडून झेरॉक्स आणवली,
ओळीखाली पट्टी धरून चार दिवस वाचली.
आमची कंपनी नव्हती त्यात.
मालकाच्या मालकाची असेल, म्हणाला,
अन् पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली.

काल मी माझा दहावा कागद घेऊन गेले.
नेमणूकपत्र म्हणतात त्याला.
मामाने ते आधी वाचलं नाही.
जुन्या सवयीने ट्यूबलाइटसमोर धरलं,
उलटं केलं, कोपरा चिमटीत चोळला.
साधा आहे, म्हणाला. पाणचिन्ह नाही.
मग चष्मा शोधला.

मुदत किती दिवसांची?

दोनशे तीस.

तो बराच वेळ घडी घालत राहिला,
कडेला कड नीट जुळवून,
जसा तिथे घालत असेल.

त्यांच्यावर पंधराच होती, म्हणाला.
पुरली त्यांना.